घाटनांदूर ते तेर : नाण्यांवरच्या खुणा

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे निघालेली गाडी बालाघाटाच्या उंचसखल रानातून जाते. काळी जमीन संपते न संपते तोच मुरमाड माळ लागतो, माळ सरतो न सरतो तोच पुन्हा काळी जमीन. याच वाटेवर घाटनांदूर आहे. बीड जिल्ह्याचे हे एक टोक; पुढचे पानगाव लातूर जिल्ह्यात गेले. इथले रूळ निजामाच्या राज्यात पडले. तालुका अंबाजोगाईचा, आणि त्या अंबाजोगाईला आमच्या घरातली जुनी माणसे शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणत राहिली. मोमिनाबादेत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणी म्हटली की पगार आला, पगार म्हटला की बाजार आला, आणि या भागातल्या बाजारात दोन प्रकारचे रुपये चालत. एक निजामाचा 'हाली', दुसरा इंग्रजांचा 'कलदार'. हाली म्हणजे चालू काळातला; आपल्या मराठीतले 'हल्ली' त्याच घराण्यातले. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशोब असे. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही तो चुकत नसे, कारण ती नाणे वाचत नव्हती, ओळखत होती. चार मिनार दिसले की हाली, राजाराणीचे तोंड दिसले की कलदार.

आम्ही मूळचे घाटनांदूरचे, राहायला आता लातूरला. गावातले घर दादीमांमुळे उघडे होते. त्यांचा इंतकाल झाला तेव्हा तरक्यात फार काही निघाले नाही : थोडी जमीन, पितळेची भांडी, आणि कपड्यात गुंडाळलेला एक बटवा. बटव्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. सप्टेंबर १९४८ मध्ये, ज्याला आमच्याकडे पोलिस ॲक्शन म्हणतात त्या दिवसांत, नव्या नवरीच्या वयाच्या दादीमांनी तो चुलीमागे पुरला आणि घरच्यांबरोबर गाव सोडले. तीन महिन्यांनी परत आल्यावर त्यांनी सर्वांत आधी चुलीमागची माती उकरली. बटवा जागेवर होता. पुढे हाली चलन बंद झाले तरी त्यांनी ते रुपये बदलून घेतले नाहीत आणि मोडलेही नाहीत.

बटव्यात २५ हाली रुपये, १० कलदार आणि एक मळकट, जाडसर, रुपयापेक्षा बरेच लहान असे नाणे निघाले. त्याच्यावर हत्ती होता. वारस तीन : चाचा, अब्बा आणि फुफी. मुलाला दोन, मुलीला एक या हिशोबाने पाच हिस्से होतात, म्हणजे हाली १०, १० आणि ५. कलदार ४, ४ आणि २. इतकी सरळ वाटणी क्वचितच होते. राहिला हत्ती. सराफाने तो कसोटीवर न घासताच परत दिला. "चांदी नाही ही, भंगार आहे." चाचा म्हणाले, पोरांना खेळायला द्या.

पोरांनी तो खेळायला घेतला नाही. त्याचा फोटो काढून मोबाईलवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन आला. हे नाणे दुर्मीळ आहे, त्याचे पाच लाख मिळतील, आधी फक्त नोंदणीचे साडेचार हजार भरा. झाले! काल जो हत्ती भंगार होता, तो आज पाच लाखांचा झाला आणि पाच हिस्सेदारांच्या गणितात अडकला. घरात जोराने कोणी काही बोलले नाही, पण पंधरा दिवस फोनाफोनी कमी झाली. ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत त्यांना ही शांतता माहीत असेल. शेवटी फुफी म्हणाल्या, "पैले ये है क्या, वो तो देखो. फिर किसका है वो देखेंगे." साडेचार हजार भरायचे नाहीत हेही त्यांनीच ठरवले. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले होते : जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून कसली फी घेत नाही.

तर आधी ओळख. सुरुवात सोप्यापासून, म्हणजे हाली रुपयापासून केली. तो हातात घेऊन घरातल्या मुलांना बसवावे, उर्दूचा तास आपोआप होतो. एका बाजूला चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत बारीक नजरेने पाहिले तर एक अक्षर दिसते. मीम असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळचे, ऐन असेल तर मीर उस्मान अली खान यांचे. दरवाजात उभे असलेले हे एक अक्षर म्हणजे मालकाची पाटीच. दुसऱ्या बाजूला टांकसाळीचे नाव : फरखुंदा बुनियाद हैदराबाद. सन हिजरी असतो. आमच्या एका रुपयावर १३३७ होते, म्हणजे इसवी १९१८-१९. हिजरी वर्ष चंद्राचे, लहान असते, म्हणून नुसते ५७९ किंवा ६२२ मिळवून भागत नाही; हिजरी आकड्याचे शंभराला तीन या प्रमाणात कमी करावेत आणि मग ६२२ मिळवावेत. नववीतल्या पुतण्याने हे गणित तोंडी केले.

आणखी एक आकडा आहे, ज्याने घरातले सगळेच थांबले. ९२. हा सन नाही, किंमतही नाही. १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. दिल्ली गेली, बहादूरशहा जफर रंगूनला गेले, आता नाव कोणाचे घालायचे? इंग्रजांच्या राणीचे घालायचे नव्हते. तेव्हा निजाम-उल्-मुल्क आसफजाह हे नाव आले आणि त्यासोबत आला ९२ हा आकडा. अबजदच्या हिशोबाने मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४०, दाल ४. बेरीज करून पाहा : प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावाचे मूल्य तेच येते. इतकी मोठी गोष्ट दोन आकड्यांत मावली. दादीमांना लिहिता येत नव्हते, पण त्या हाली रुपया जमिनीवर कधी ठेवू देत नसत. का, ते आम्ही कधी विचारले नव्हते.

चारमिनार पाहून हैदराबाद ओळखावे, ही युक्ती मात्र फार जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या शेकडो लहानमोठ्या नगरांनी आपापली नाणी पाडली, आणि प्रत्येकाने आपली खूण ठरवून घेतली. अथेन्सचे घुबड, एजिना बेटाचे कासव, कॉरिंथचा पंखांचा घोडा, एफिससची मधमाशी. इटलीतल्या मेटापोन्टम या ग्रीक वसाहतीची जमीन सुपीक, म्हणून तिच्या नाण्यावर जवाचे कणीस. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनची श्रीमंती सिल्फियम नावाच्या औषधी झुडपावर उभी होती, म्हणून तिथे ते झुडूप. ते आता पृथ्वीवरून नाहीसे झाले आहे. कसे दिसत होते हे मुख्यतः नाण्यांवरूनच कळते. काही नगरांनी तर नावावरच कोटी केली. ऱ्होड्‌सच्या नाण्यावर गुलाब, कारण ग्रीक भाषेत गुलाबाला ऱ्होडॉन म्हणतात. सेलिनसच्या नाण्यावर सेलिनॉनचे, म्हणजे रानटी अजमोद्याचे पान. फोकियाच्या नाण्यावर सील मासा, कारण त्याचे नाव फोके. बंदरात उतरलेल्या परक्या खलाशाला लिपी येवो न येवो, गुलाब दिसला की पैसा कुठला हे कळे.

पण नुसते चित्र पाहून ग्रीक नाणे ओळखायला गेले की फसायला होते. एजिनाचे कासव आधी समुद्री होते, पाठ गुळगुळीत, मधोमध ठिपक्यांची रांग. नंतरच्या नाण्यांवर तेच कासव जमिनीवरचे झाले, पाठीवर चौकटी आल्या. एवढ्या फरकावरून नाणे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या आधीच्या भागातले की नंतरचे, हे ठरते. अथेन्सच्या जुन्या नाण्यावर देवीचा चेहरा एका बाजूने दाखवलेला, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा बदामी. पुढच्या शतकात डोळाही बाजूने दिसू लागला. घुबडाच्या शेजारी ऑलिव्हची डहाळी, लहानशी चंद्रकोर आणि तीन अक्षरे असतात : आल्फा, थीटा, एप्सिलॉन, म्हणजे 'अथेन्सवाल्यांचे'. सिकंदराच्या नाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेला हेराक्लीस एका बाजूला, आसनावर बसलेला झ्यूस दुसऱ्या बाजूला, हे एकच चित्र अनेक टांकसाळींत, सिकंदर मेल्यानंतरही कित्येक वर्षे पाडले गेले. तिथे मोठे चित्र काही सांगत नाही. झ्यूसच्या हाताखाली किंवा आसनाखाली दाण्याएवढी खूण असते, ती टांकसाळ सांगते. चारमिनार सगळ्यांनाच दिसतो. दरवाजातले ऐन पाहणाऱ्यालाच दिसते.

आमच्या हत्तीसाठी मात्र इतके लांब जावे लागणार नव्हते. जवळच तेर होते.

घाटनांदूरहून पानगाव, रेणापूर, लातूर, मुरूड, ढोकी करत आम्ही दोन गाड्यांतून निघालो. चाचा पुढच्या गाडीत, अब्बा मागच्या. हत्ती फुफींच्या पर्समध्ये. धाराशिव जिल्ह्यातले तेर आज तेरणा नदीकाठचे मोठे खेडे आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी येतात, आणि गोरोबा कुंभार होते हे इथे आल्यावर विसरता येत नाही, कारण गावाची पांढरी म्हणजे खापरांचा थरावर थर आहे. जुन्या टेकाडावरून चालताना पायाखाली माती कमी आणि मडक्यांचे तुकडे जास्त लागतात. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. आज त्यात देवाची पूजा चालते. एकाच छताखाली किती जणांनी मान झुकवली असेल, असे मनात आले, पण पोरांना भूक लागली होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण सांगितले आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचे मोठे नगर. तगरचे कापड गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोच बंदरात जात असे. हे तगर म्हणजे तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये दाखवून दिले. १९५८ मध्ये इथे उत्खनन झाले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभते. रोमन नाण्यांची नक्कल करून केलेल्या मातीच्या चकत्याही इथे मिळाल्या आहेत. खरे नाणे परवडत नसेल तर त्याची मातीची प्रत गळ्यात घालायची हौस तेव्हाही असावी.

तेरचे शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. हे गावचेच गृहस्थ. पांढरीत, नदीकाठी, पावसानंतर वर येणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, आणि तो संग्रह आज सर्वांना पाहता येतो. दुसऱ्या कोणी मणी विकून टाकले असते, मूर्ती बैठकीत मांडल्या असत्या. वाटण्यांच्या कामाला निघालेल्या आमच्यासारख्यांना तिथे जरा गप्पच व्हायला झाले.

नाण्यांच्या काचेपाशी पुतण्या आधी पोचला आणि तिथूनच ओरडला, "फुफीअम्मा, आपला हत्ती!" एक नव्हे, अनेक हत्ती होते. सोंड वर केलेले, झिजलेले, कोणाचे डोके नाण्याबाहेर गेलेले, कोणाची शेपटी. ही सातवाहनांची नाणी. काही शिशाची, काही पोटीनची. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा मिश्र धातू. सराफ बरोबर होता, चांदी नव्हती. मागच्या बाजूला अधिक चिन्हासारखी आकृती आणि तिच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. उज्जैनच्या नाण्यांवर ती नेहमी आढळते म्हणून अभ्यासक तिला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. फुफींनी पर्समधला हत्ती काढून काचेवर धरला. तेच चिन्ह, फक्त एक वर्तुळ घासून गेलेले. कडेची ब्राह्मी अक्षरे अर्धीच उरली होती. सातवाहन राजांनी अशी नाणी फार मोठ्या प्रमाणावर पाडली आणि ती दख्खनभर सापडतात. म्हणजे पाच लाख नाहीत, पाच हजारही नाहीत. चाचांनी मोठा श्वास सोडला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, हे आम्ही विचारले नाही. इथून पुढे सगळे एकाच गाडीत बसायला तयार झाले.

सातवाहनांच्या नाण्यांची खरी कहाणी मात्र चांदीची आहे, आणि तिच्यात ग्रीक अक्षरे येतात. सिकंदर परत गेला, पण त्याच्या मागे वायव्येकडे ग्रीक राजे बराच काळ राहिले. मिनँडर, ज्याला बौद्ध लोक मिलिंद म्हणतात, त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक लिपी आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे लिहीत, आपल्या उर्दूसारखी. मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्रम्म भडोचच्या बाजारात आपल्या काळातही चालतात, हे पेरिप्लसच्या लेखकाने नोंदवले आहे. राजे जाऊन दोन शतके झाली होती आणि नाणी अजून गल्ल्यात होती. मग भडोच, नाशिक हा प्रदेश ज्यांच्या ताब्यात आला त्या क्षत्रपांनी लोकांच्या ओळखीचाच साचा उचलला. नहपान या क्षहरात राजाच्या चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा आहे, भोवती ग्रीक अक्षरे आहेत, पण भाषा ग्रीक नाही. ग्रीक अक्षरांत प्राकृत लिहिले आहे, आज आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी-उर्दू लिहितो तसे. पाठीमागे बाण आणि वज्र, आणि तीच ओळ ब्राह्मीत व खरोष्ठीत. जेमतेम दोन ग्रॅमच्या चांदीवर तीन लिप्या.

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात अशा नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याचा ठसा. तो होता गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, पाठीवर उज्जयिनी चिन्ह, आपल्या हत्तीच्या मागे आहे तेच. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून प्रसिद्ध केला आणि दख्खनच्या इतिहासातला एक मोठा वाद मिटला : गौतमीपुत्राने ज्यांना हरवले त्यांत नहपानाचे राज्य होते, याचा पुरावा हातात आला. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने कोरवून घेतलेला लेख आहे. त्यात मुलाने क्षहरात कुळ निपटून काढल्याचे ती अभिमानाने सांगते. आईने दगडात लिहिले 'निपटून काढले'. नाणी मात्र वेगळे सांगतात. मुलाने हरलेल्याची चांदी वितळवली नाही. तिच्यावर आपली खूण मारून ती तशीच बाजारात सोडली, आणि नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, कान, ग्रीक अक्षरे आजही डोकावतात. हा राजाचा मोठेपणा होता की टांकसाळीचा खर्च वाचवणे, ते सोडून देऊ. बाजाराला दोन्ही राजे चालत होते, एवढे खरे.

जोगलटेंभीच्या साठ्यावर विचार करताना आम्हाला राजांपेक्षा तो साठा पुरणारा माणूस जास्त आठवतो. तेरा हजार नाणी कोणी गंमत म्हणून पुरत नाही. सावकार असेल, सरकारी खजिनदार असेल, लष्कराचा पगार असेल. काहीतरी पेटले होते आणि त्याने माती उकरली. दादीमांसारखा तो परत येऊ शकला नाही, म्हणून ती नाणी १९०६ पर्यंत राहिली. संग्रहालयात ज्याला साठा म्हणतात, तो बहुतेक वेळा कोणाचे तरी न झालेले परत येणे असते.

हाच प्रश्न पुढे मुसलमानांसमोरही आला. इराण आणि शाम जिंकले तेव्हा बाजारात सासानी राजांचे चांदीचे दिरहम होते, राजाचा चेहरा आणि मागे अग्निकुंड असलेले. आणि रोमन कैसरांचे सोन्याचे दीनार होते. सुरुवातीच्या मुस्लिम शासकांनी ते मोडले नाहीत. त्याच सासानी चित्राच्या कडेला 'बिस्मिल्लाह' उमटवले आणि नाणे चालू दिले. कित्येक दशके असे गेल्यावर, हिजरी ७७ मध्ये, उमय्यद खलिफा अब्दुल मलिक यांनी चित्रच काढून टाकले आणि नाण्यावर केवळ अक्षरे ठेवली. तिथून पुढे इस्लामी नाण्याची खूण म्हणजे लिपीच झाली. पण नाव बदलले नाही. दिरहम हा शब्द ग्रीकांच्या ड्राख्मा या नाण्यावरून आला, दीनार रोमनांच्या देनारियसवरून. दोन्ही शब्द पवित्र कुरआनात आहेत : हजरत यूसुफ (अ.) यांना थोड्या दिरहमांना विकल्याचा उल्लेख सूरह यूसुफमध्ये, दीनारचा सूरह आल-इमरानमध्ये. आणि तोच ड्राख्मा संस्कृतात द्रम्म झाला, यादवकाळच्या दानलेखांत मोजला गेला आणि झिजत झिजत आपल्या तोंडी 'दाम' झाला, 'दमडी' झाला. घाटनांदूरच्या बाजारात 'दाम किती' असे विचारणारी बाई ग्रीक बोलते, फक्त तिला ते माहीत नसते.

सूरह कहफमधल्या गुहेतल्या तरुणांची गोष्ट मुलांना सांगताना आता आम्ही चांदीच्या नाण्यापाशी थांबतो. झोपेतून उठून त्यांनी आपल्यातल्या एकाला नाणे देऊन अन्न आणायला शहरात पाठवले. मुफस्सिरीनांनी सांगितले आहे की दुकानदाराने ते नाणे पाहिले आणि तो चमकला, कारण त्यावरचा राजा केव्हाच मेलेला होता. त्या तरुणांना आपण किती झोपलो हे माहीत नव्हते. नाण्याला माहीत होते.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण असे बटवे मराठवाड्यात पुष्कळ घरांत असतील. जुने नाणे सापडले की आपल्या बायाबापड्यांचा हात आधी चिंचेकडे जातो. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकी काहीही लावू नये. काळा किंवा हिरवा थर घासून काढताना त्याच्याबरोबर अक्षरेही जातात. कडेने धरावे, खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात फिरवावे. सरळ उजेडात न दिसणारे अक्षर तिरक्या उजेडात उठून दिसते. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवली तर ठसा कागदावर उतरतो. वजन करावे, धातू कोणता ते पाहावे. कडेवर शिवणीसारखी रेघ असेल किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची भोके असतील तर साच्यात ओतलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी. उरसात आणि जत्रेत 'सिकंदराचे नाणे' म्हणून मिळते ते असेच असते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. जाणकाराला विचारायचे तर तिथे विचारावे, फोनवरच्या शेठला नव्हे. आणि नाणी घरात वारशाने आलेली नसून शेतात नांगराला किंवा घराच्या पायात लागली असतील, तर ती परस्पर वाटून घेता येत नाहीत. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपवला तर शिक्षा आहे. अनेक जण भीतीने रातोरात सोनाराकडे जातात आणि सगळे आटवून टाकतात. जोगलटेंभीला तसे झाले असते तर एक-दोन घरांत चांदीचे पैंजण आले असते, आणि नहपानाचा वाद अजून चालू राहिला असता.

हाली रुपयांची वाटणी हिशोबाप्रमाणे झाली, १०, १० आणि ५. चाचांनी आपल्या दहांपैकी एक, ज्यावर ऐन सर्वांत स्पष्ट आहे तो, फुफींना स्वखुशीने दिला. हत्तीचे पाच हिस्से होत नाहीत, म्हणून तिघांनी तो पुतण्याच्या हवाली केला, अट एकच की विकायचा नाही. त्याने संग्रहालयात पाहिले होते तसे एक कार्ड केले. धातू : पोटीन. राजवंश : सातवाहन. पुढची बाजू : सोंड वर केलेला हत्ती. मागची बाजू : उज्जयिनी चिन्ह. 'सापडल्याची जागा' या रकान्यापाशी तो बराच वेळ अडला. दादीमांकडे हत्ती कुठून आला हे सांगणारे आता कोणी नव्हते. शेवटी त्याने लिहिले : घाटनांदूर, चुलीमागे.